पटावर आहे, हजर आहे, पण सामील आहे का?



'विविधतेत एकता' हा घटक आपण दरवर्षी शिकवतो. परिपाठात प्रतिज्ञा होते, संविधानाची उद्देशिका म्हटली जाते. स्नेहसंमेलनात वेगवेगळ्या राज्यांचे पोशाख घालून मुलं रांगेत उभी राहतात, छान फोटो निघतो. मुलांना हे सगळं पाठ असतं.

पण मधल्या सुट्टीत तीच मुलं स्टाफरूमच्या दारातून आपल्याकडे बघत असतात. पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंना आपण चहा कोणत्या कपात देतो, नवीन सरांचं आडनाव कळल्यावर आपला सूर बदलतो का, कुणाच्या बोलण्यावर आपण हसतो, हे सगळं ती टिपत असतात. या पाठाची परीक्षा होत नाही, पण मुलं तो विसरत नाहीत.

म्हणून आजचा लेख मुलांबद्दल नाही, आपल्याबद्दल आहे. मुलांसाठी ती शाळा असली तरी आपल्यासाठी ती कामाची जागा आहे. पालकांपैकी कुणी बँकेत असेल, कुणी कारखान्यात, कुणी दवाखान्यात. जागा बदला, गोष्ट तीच राहते.

हजेरीपटातून समजून घेऊ

हा विषय मोठ्या शब्दांत सांगितला की डोक्यावरून जातो. आपण आपल्या हजेरीपटापासून सुरुवात करू.

आपल्या वर्गात एखादं मूल असतं, जे पटावर असतं पण शाळेत येत नाही. त्याच्यासाठी आपण घरोघरी फिरतो. दुसरं मूल रोज येतं, आपण 'उ' मांडतो, पण वर्षभर ते एकदाही हात वर करत नाही. त्याचं दप्तर शेवटच्या बाकावर, तोंड मिटलेलं. कागदावर ते शंभर टक्के उपस्थित आहे. पण ते वर्गात सामील आहे, असं आपण मनापासून म्हणू शकतो का?

कामाच्या ठिकाणी मोठ्या माणसांचंही असंच होतं. नेमणूक झाली म्हणजे नाव पटावर आलं. रोज मस्टरवर सही होते म्हणजे माणूस हजर आहे. पण बैठकीत त्याचं मत कुणी विचारतं का? डबा खाताना त्याच्या शेजारची खुर्ची रिकामी राहते का? स्वतःची भाषा, खाणं, सण गेटबाहेर ठेवूनच त्याला आत यावं लागतं का?

समोरच्याच्या चालीरीती वेगळ्या असू शकतात आणि आपली पद्धत म्हणजे जगाचा नियम नव्हे, हे भान म्हणजे सांस्कृतिक संवेदनशीलता. त्या भानातून रोजचं वागणं आणि नियम बदलले, की तो समावेश. भान मनात असतं, समावेश दिसावा लागतो.

कोल्हापूरचा एक चहा

मी मूळची कोल्हापूर जिल्ह्यातली. राजर्षी शाहू महाराजांनी 26 जुलै 1902 रोजी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी 50 टक्के जागा राखून ठेवल्या, हे आपण सगळे शिकवतो. पण गंगाराम कांबळे यांची गोष्ट त्या मानानं कमी सांगितली जाते.

गंगाराम कांबळे महाराजांच्या पदरी पागेत नोकरीला होते. महाराज बाहेरगावी असताना त्यांनी सवर्ण नोकरांसाठी असलेल्या हौदाला हात लावला म्हणून त्यांच्याबरोबर काम करणाऱ्यांनीच त्यांना बेदम मारलं. जरा विचार करा. नोकरी होती, पगार होता, धनी खुद्द शाहू महाराज होते. तरीही हौदाचं पाणी त्यांचं नव्हतं.

महाराज परतल्यावर त्यांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी गंगारामांना स्वतःचा धंदा काढायला मदत केली. गंगारामांनी कोल्हापुरात चहाचं हॉटेल काढलं, 'सत्यसुधारक' नावाचं. आता अस्पृश्य माणसाच्या हॉटेलात चहा प्यायला येणार कोण? महाराजांनी भाषण दिलं नाही. त्यांनी गाडी हॉटेलसमोर थांबवली, सगळ्यांदेखत गंगारामांच्या हातचा चहा घेतला आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजला. हे एकदाच नाही, वारंवार.

या गोष्टीत मला तीन धडे दिसतात. एक, नोकरी देणं ही सुरुवात आहे. दार उघडल्यावर आत पाणी कोण पितं, हेही बघावं लागतं. दोन, ज्याच्या हातात अधिकार आहे त्यानं आधी पाऊल टाकायचं. गंगारामांनी धीट व्हावं अशी अपेक्षा ठेवून महाराज वाड्यात बसले नाहीत. तीन, ते गंगारामांच्या जागेवर गेले. आपण नेहमी 'आम्ही तुम्हाला आमच्यात घेतो' असं म्हणतो. कधीतरी आपणही त्यांच्यात जावं लागतं.

माझी चूक

आता माझ्याबद्दल. डी.एड. झाल्यावर माझी पहिली नेमणूक मेळघाटात झाली. कोल्हापूरची पोर एकदम अमरावती जिल्ह्याच्या टोकाला. माझं बोलणं ऐकून तिथले सहकारी हसायचे, मीही त्यांच्याबरोबर हसायचे. कोल्हापुरी बोलीची थट्टा झाली तरी त्यावरून माझ्या हुशारीवर कुणी शंका घेत नव्हतं.

आमच्या शाळेत एक कोरकू समाजातले सर होते. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठे, शांत. एकदा बैठकीत ते म्हणाले, "माझा पुस्तक वर्गात राहिला." सगळे हसले. मी नुसती हसले नाही, बाईपणा दाखवत म्हणाले, "सर, माझं पुस्तक. नपुंसकलिंग." दारात चौथीची दोन मुलं खडू मागायला उभी होती. तीही हसली. ती दोघंही कोरकूच होती.

त्यानंतर सर बैठकीत बोलायचे थांबले. मला ते कितीतरी महिने लक्षातच आलं नाही, कारण गप्प बसणाऱ्याचा कुणाला त्रास होत नाही.

पुढे पालकसभा झाली. मुलं होळीनंतर आईवडिलांबरोबर कामाला बाहेर जातात, त्यांना कुणाकडे तरी ठेवून शाळा चालू ठेवा, हे आम्हाला सांगायचं होतं. मुख्याध्यापक बोलले, मी बोलले. पालक माना डोलवत होते. शेवटी एका आजीनं काहीतरी विचारलं, ते आम्हा कुणाला कळलं नाही. मागे उभे असलेले सर पुढं आले आणि कोरकूत बोलू लागले. दहा मिनिटांत सभा जागी झाली. माणसं प्रश्न विचारत होती, वाद घालत होती, हसत होती. तेव्हा कळलं की आधीचा अर्धा तास आम्ही भिंतीशी बोललो होतो.

घरी आल्यावर मी कोरकूबद्दल वाचलं. कोरकू ही मराठीची बिघडलेली बोली नाहीच. ती मुंडा गटातली भाषा आहे, झारखंडकडच्या मुंडारी आणि संथाळीच्या नात्यातली. मराठीसारखी तीन लिंगं तिच्यात नाहीत, सजीव-निर्जीव हा भेद आहे. म्हणजे सरांना पुस्तकाचं लिंग चुकायचं, ते दुसऱ्या कुळातली भाषा शिकून तिच्यात नोकरी करत होते म्हणून. आणि मी? चार वर्षं तिथं राहून मला पाणी मागायला लागणारा 'डा' हा एक शब्द तेवढा येत होता.

ज्या शाळेतली जवळजवळ सगळी मुलं कोरकू, त्या शाळेत त्यांची भाषा येणारा एकमेव माणूस आम्ही हसून गप्प केला होता. यात नुकसान फक्त सरांचं झालं नव्हतं, शाळेचं झालं होतं. समावेश म्हणजे कुणावर केलेले उपकार असं ज्यांना वाटतं, त्यांना मी हीच गोष्ट सांगते.

मग दुसरी चूक

पालकसभेनंतर आम्ही सुधारलो, असं आम्हाला वाटलं. 9 ऑगस्टला जागतिक आदिवासी दिन आला. आम्ही सरांना पारंपरिक पोशाखात मंचावर बोलावलं, नृत्याची जबाबदारी दिली, फोटो काढले. केंद्रप्रमुख आले की आम्ही ओळख करून द्यायचो, "हे आमचे आदिवासी सर." भाषांतर लागलं की सर, गावात कुणाला समजवायचं असलं की सर.

एक दिवस शाळा सुटल्यावर मी त्यांची माफी मागितली, त्या 'नपुंसकलिंगा'बद्दल. ते हसले. मग म्हणाले, "मॅडम, मला गणित शिकवायला आवडतं. चौथीचं. ते कधी कुणी विचारलं नाही."

बघा हं. आधी आम्ही त्यांच्या वेगळेपणाला हसलो, नंतर त्याच वेगळेपणाचं कौतुक केलं. दोन्ही वेळा आम्हाला त्यांच्यातला गणिताचा शिक्षक दिसलाच नाही. कौतुकानंही माणूस चौकटीत अडकतो. एखाद्या मुस्लिम मॅडमना फक्त ईदच्या दिवशी बोलायला सांगणं, एखाद्या बौद्ध सरांना फक्त 14 एप्रिलच्या भाषणासाठी धरणं, हे याच प्रकारातलं. त्या दिवशी बोलवू नका असं नाही. पण बाकीचे दिवसही त्यांचे आहेत ना?

आपल्या शाळेत कुठं बघायचं?

पाणी, चहा, डबा. संविधानाच्या कलम 17 नं अस्पृश्यता नष्ट केली. हे आपण शिकवतो, पण वेगळा ठेवलेला कप अजूनही काही कपाटांत सापडतो. 'ताईंचा कप', 'शिपायाचा ग्लास'. कारण विचारलं तर 'स्वच्छता' असं उत्तर येतं. स्वच्छताच हवी असेल तर सगळेच कप धुवावेत. घरी मोलकरणीचा कप वेगळा ठेवणाऱ्या पालकांनीही हे वाचावं, कारण मूल ते घरूनच शिकून येतं. डब्याचंही तसंच. कुणी काय खावं हा ज्याचा त्याचा प्रश्न. शाकाहारी माणसाला वासाचा त्रास होत असेल तर तोही खरा. मग सगळ्यांनी बसून उघडपणे तोडगा काढावा. पण काहीही न बोलता चार जण डबे उचलून दुसऱ्या खोलीत जातात, तेव्हा मागे राहिलेल्याला जे समजायचं ते समजतं.

नाव आणि आडनाव. "पूर्ण नाव काय तुमचं?" हा प्रश्न आपल्याकडे नुसता ओळखीसाठी असतो असं म्हणण्यात अर्थ नाही. आडनाव कळेपर्यंत अदबीनं बोलणारा माणूस नंतर वेगळा बोलतो, हे ज्यानं सोसलं आहे त्याला विचारा. दुसरं, माणसाचं नाव नीट उच्चारायला शिका. 'अवघड आहे बुवा' म्हणून सोपं टोपणनाव ठेवू नका. हजेरी घेताना मुलाचं नाव चुकलं तर आपण दुरुस्त करतो, तेवढं मोठ्यांसाठीही करता येतं.

सण-समारंभ. संक्रांतीचं हळदीकुंकू कितीतरी शाळांत होतं. तिळगूळ, वाण, सगळं छान. पण त्या तासाला एखाद्या मॅडम हळूच 'मला रजिस्टर पूर्ण करायचंय' म्हणून वर्गात जाऊन बसतात. त्यांचे यजमान वारलेले असतात. कुणी त्यांना 'येऊ नका' म्हणत नाही. 'या' असंही म्हणत नाही. आमच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावानं मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंदीचा ठराव केला. पती वारल्यावर बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र काढणं हे गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनीही तसं करावं असं सांगितलं. एक गाव हे करू शकतं, तर आपली स्टाफरूम का नाही? आमच्या आताच्या शाळेत आम्ही 'तिळगूळ मेळावा' करतो. पोषण आहाराच्या ताई, शिक्षिका, पालक माता, सगळ्या येतात आणि सगळ्यांना वाण मिळतं. पहिल्या वर्षी कुजबुज झाली. दुसऱ्या वर्षी कुजबुजणाऱ्याच आल्या.

तसंच रजा आणि बैठकांचं. रमजानात रोजा असणाऱ्या सहकाऱ्यांना शाळा सुटल्यावरची लांबलेली बैठक किती जड जाते, याचा विचार वेळ ठरवताना केला तर काही बिघडत नाही. दिवाळीला सगळ्यांना सुट्टी असते. ज्यांचा सण यादीत ठळक नाही, त्यांना मात्र रजेचा अर्ज घेऊन प्रत्येक वेळी तो समजावून सांगत बसावं लागतं.

दिव्यांग सहकारी. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 मध्ये दिव्यांगत्वाचे 21 प्रकार धरले आहेत. गरजेप्रमाणे वाजवी सोयी करून देणं हे सरकारी आस्थापनांचं कर्तव्य आहे. शाळेत याचा साधा अर्थ काय? ज्यांना जिना चढणं अवघड आहे त्यांचा वर्ग तळमजल्यावर असावा. कमी ऐकू येणाऱ्या सरांसाठी बैठकीतले निर्णय फळ्यावर लिहावेत, बोलताना त्यांच्याकडे तोंड करावं. आणि सहलीच्या नियोजनातून त्यांचं नाव 'त्यांना त्रास नको' म्हणून परस्पर गाळू नये. आधी त्यांना विचारावं.

कामवाटप. हे सगळ्यात महत्त्वाचं. बैठकीत चहा कोण आणतं? पाहुण्यांच्या सत्काराला ताट धरायला नेहमी मॅडमच का उभ्या राहतात? हिशेब, सूत्रसंचालन, स्पर्धेचे परीक्षक ही कामं त्याच तीन नावांत फिरतात का? वर्षभराच्या कामवाटपाचा कागद काढून बघा. त्यात आपला खरा चेहरा दिसतो.

दोन शंका

"आम्ही तर सगळ्यांना सारखंच वागवतो," असं बरेच जण म्हणतात. वर्गात आठवून पाहा. ज्याला फळा दिसत नाही आणि ज्याला दिसतो, त्या दोघांना शेवटच्या बाकावर बसवणं म्हणजे सारखी वागणूकच झाली. पण ते आपण करत नाही. ज्याला जे लागतं ते देणं, हे आपल्याला वर्गात कळतं. तेच स्टाफरूममध्ये वापरायचं.

दुसरी शंका, "मग आता काही बोलायची, थट्टा करायचीही चोरी?" थट्टा करा की! पण थट्टेआधी एक बघा. ज्याची थट्टा होते तो उलटून आपली थट्टा करू शकतो का? करू शकत असेल तर ती मैत्री. त्याला फक्त कसनुसं हसावं लागत असेल तर ती थट्टा नाही.

आणि आपलं चुकलं तर? चुकणारच. तेव्हा 'माझा तसा हेतू नव्हता' हे वाक्य गिळून टाका. मुलाचा पाय चुकून तुडवला तर आपण हेतू सांगत बसत नाही, आधी पाय उचलतो.

सुरुवात कुठून करायची?

एकदम सगळं करायला जाऊ नका. येत्या महिन्यात एवढंच करून पाहा:

1. स्टाफरूममधले सगळे कप एकाच ट्रेमध्ये ठेवा. ज्याला जो हवा तो त्यानं उचलावा.
2. पुढच्या बैठकीत जे सर्वांत कमी बोलतात त्यांना आधी बोलू द्या. मुख्याध्यापकांनी शेवटी बोलावं.
3. एका सहकाऱ्याला विचारा, "तुम्हाला कोणतं काम करायला आवडेल, जे अजून मिळालं नाही?" आणि ते काम खरंच द्या.
4. शाळेतल्या मुलांची घरची भाषा वेगळी असेल तर ती भाषा येणाऱ्या सहकाऱ्याकडून किंवा पालकाकडून वीस शब्द शिका. मुलांसमोर चुका. मुलांना तुमची चूक दुरुस्त करू द्या.
5. पोषण आहाराच्या ताईंना शाळेच्या एखाद्या निर्णयात मत विचारा. कोणतं मूल उपाशी येतं हे आपल्याआधी त्यांना माहीत असतं.

पालकांनो, तुमच्या कामाच्या ठिकाणीही यातलं निम्मं तरी लागू पडेल. आणि संध्याकाळी जेवताना मुलांना ते सांगा. 'आज ऑफिसात आम्ही असं केलं' हे वाक्य मूल्यशिक्षणाच्या तासापेक्षा जास्त काम करतं.

त्या सरांचं पुढं काय झालं? पुढच्या वर्षी चौथीचं गणित त्यांच्याकडे आलं. केंद्राच्या शिक्षण परिषदेत त्यांनी भागाकार मोहाच्या बिया वाटून कसा शिकवायचा, ते दाखवलं. बोलता बोलता परत म्हणाले, "माझा पुस्तक." एक जण हसले. पण ते एकटेच हसले, आणि मग तेही थांबले. त्यानंतर माझी बदली झाली.

आता मी कोल्हापूरकडच्या शाळेत आहे. आमच्याकडे ऊसतोड कामगारांची मुलं येतात, बीडकडची बोली बोलत. परवा एक मूल काहीतरी बोललं आणि शेजारचं हसलं. मी त्या हसणाऱ्याला रागावले नाही. मला दारात उभी असलेली ती चौथीची दोन मुलं आठवली. ती कुणाचं बघून हसली होती, ते मला ठाऊक आहे.

— एक प्राथमिक शिक्षिका